दुसऱ्या सहीची जागा

३ मार्च, मंगळवार

बारके,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. विसरले नाही, मुद्दाम गाळलंय.

आज सकाळी अकरा वाजता मला वरच्या मजल्यावर बोलावलं. मला वाटलं, जूनमधल्या माझ्या निरोपाचं काहीतरी असेल. छत्तीस वर्षं झाली या अंतराळ संस्थेत, फोटो कुठला लावायचा ते विचारतील. म्हणून येडी मी केस नीट करून गेले! आत लांब टेबल, पाच माणसं, मधे चौकशी समितीच्या अध्यक्ष बाई. त्यांनी बसायला सांगितलं, पाण्याचा ग्लास पुढे केला. न मागता पाणी दिलं की समजावं, काहीतरी वाईट ऐकायचंय. मग त्यांनी तुझा जबाब मोठ्यानं वाचला.

तुझा जबाब. माझ्या सख्ख्या बहिणीचा, जिची शाळेची दप्तरं मी शिवली.

‘हवामान उपग्रहात बसवलेली काळी चकती आणि ग्रहाकडे गेलेल्या यानातली काळी चकती यांची अदलाबदल झालेली आहे. त्या तपासल्या त्या दिवशी प्रयोगशाळेत नियमाप्रमाणे दोन माणसं नव्हती, एकच होती. कागदावरची दुसरी सही खोटी आहे. ज्या बाईंची म्हणून ती सही दाखवली जाते, त्या दिवसभर इस्पितळात माझ्या उशाशी बसल्या होत्या.’

पाठ झालंय बघ. अध्यक्ष बाईंनी आठ वर्षांपूर्वीचा तो कागद माझ्यासमोर सरकवला आणि विचारलं, ‘ही दुसरी सही कोणाची?’ मी म्हटलं, मावशीची. कोण मावशी? मग सांगावं लागलं की प्रयोगशाळेत सगळे तिला मावशी म्हणायचे, कोणाचीच मावशी नव्हती, चोवीस वर्षं माझी जोडीदारीण होती आणि दोन वर्षांपूर्वी वारली. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे आता सांगू शकणाऱ्या तुम्हीच.’ मी विचार करायला वेळ मागितला. त्यांनी २७ तारीख दिली.

केसानं गळा कापलास, बारके. त्या दिवशी तुझं अपेंडिक्स फुटलं होतं. आई-बाबा नाहीत, तू परगावी एकटी, आणि माझी तपासणीची टाकी बंद झालेली. एकदा ती बंद करून आतली हवा काढली की तीन दिवस मला जागा सोडता येत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून मी मावशीला म्हटलं, ‘तू जा, माझ्या पोरीजवळ कोणीतरी हवं, इथलं मी बघते.’ नियम मोडून पाठवली. तुझ्यासाठी मोडला. आणि तू तेच उचलून समितीपुढे ठेवलंस! दुसरा काही पुरावा मिळाला नाही का गं तुला?

तुला नोव्हेंबरपासून घरी बसवलंय, तुझ्या हवामान खात्यानं ऑक्टोबरच्या वादळाचं खापर तुझ्या डोक्यावर फोडलंय, हे मला दिसत नाही असं नाही. पण म्हणून माझ्यावर ढकलायचं? नाचता येईना अंगण वाकडं. अंदाज तुझा चुकला आणि दोष माझ्या चकतीचा.

२७ तारखेला काय सांगायचं ते माझं मी बघीन. तू फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

— ताई


११ मार्च, बुधवार

बारके,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, कागदावर तीन तारखा. २ नोव्हेंबर. २० डिसेंबर. १ फेब्रुवारी. ना मजकूर, ना सही. लहानपणी रुसलीस की अशीच पाटीवर एकच शब्द लिहून माझ्यापुढे ठेवायचीस. तेव्हा मला हसू यायचं.

ठीक आहे. तू मला तीनदा विचारलं होतंस, हे मान्य. पण कसं विचारलंस! २ नोव्हेंबरला मी भांडी आवरत असताना पाठीमागून म्हणालीस, ‘ताई, त्या दिवशी मावशी माझ्याकडे होती, मग तुझ्याबरोबर कोण होतं?’ पोलिसासारखं. मी म्हटलं, मावशी दुपारी परत आली होती. २० डिसेंबरला पुन्हा तेच, मी पुन्हा तेच सांगितलं. १ फेब्रुवारीला तू चहा तसाच ठेवून निघून गेलीस. दारात म्हणालीस, ‘मावशीची परतीची गाडी संध्याकाळी सातची होती, मी शुद्धीवर होते.’ आता यात विचारणं किती आणि चोर पकडणं किती, तूच सांग.

समितीतल्या एका गृहस्थांनी परवा मला जिन्यात गाठून सांगितलं, ‘काळजी करू नका, ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या गुंगीतल्या आठवणीवर कोण विश्वास ठेवणार? कागद तुमच्या बाजूनं आहे.’ मला बरं वाटलं, हे लपवत नाही. मग जिना उतरताना बरं वाटेनासं झालं. गुडघ्यांमुळेही असेल.

जबाबात तू सगळं माहीत असल्यासारखं लिहिलंयस म्हणून एकदा मी सांगते, त्या दिवशी काय काम होतं ते. तळहाताएवढ्या दोन चकत्या. दोन्ही काळ्या, दोन्ही एकाच साच्यातल्या. अवकाशात गेलेलं यंत्र खालचं ऊन-गारठा मोजतं, पण त्याला स्वतःचाच भरवसा नसतो. म्हणून दर थोड्या वेळानं ते मान वळवून आपल्या पोटातल्या या काळ्या चकतीकडे बघतं. चकती किती गरम आहे ते आधीच ठाऊक असतं, त्यावरून ते बाकीचं ताडतं. म्हणजे चकतीचे आकडे चुकले की यंत्राला जग सगळंच चुकीचं दिसणार. एक चकती हवामान उपग्रहासाठी, एक ग्रहावर जाणाऱ्या यानासाठी. प्रत्येक चकतीची खोड वेगळी आणि तिच्या आकड्यांचा तक्ता वेगळा.

चकतीवर चिठ्ठी चिकटवायची नाही. टाकीत गोंदाची वाफ होऊन काळ्या रंगावर बसते. कोरायचंही नाही. म्हणून नंबर असतो तो ट्रेवर. टाकीतून काढताना एकीनं चकती उचलून नंबर म्हणायचा, दुसरीनं ट्रे पुढे करून तोच नंबर परत म्हणायचा, मगच ठेवायची. ‘एक.’ ‘एक.’ ‘दोन.’ ‘दोन.’ ऐकणाऱ्याला पोरखेळ वाटतो. पण मावशीनं आणि मी चोवीस वर्षं तो खेळ खेळलो. घरीही तोच चालायचा, आठवतं? आईच्या तापाच्या दिवसांत मी थर्मामीटर वाचायची, ‘अडतीस पूर्णांक चार,’ आणि तू सात-आठ वर्षांची, पेन्सिल घेऊन, ‘लिहिलं, अडतीस पूर्णांक चार.’ माझं बघून शिकलीस सगळं. हवामानाच्या नादी तुला लावलं ते त्या वहीनं, दुसरं कोणी नाही.

तर त्या दिवशी मी एकटी होते, असं समज. समज म्हणतेय. एकटी असले तरी मी काय काल आलेली पोर होते? हातांना सवय असते. ‘एक’ मीच म्हटलं असेल, ‘एक’ मीच परत म्हटलं असेल. म्हणून लगेच अदलाबदल झाली असं होतं का?

— ताई


१७ मार्च, मंगळवार

बारके,

आज दुपारी प्रोफेसर घरी आले होते. ग्रहाच्या तुकडीचे ते प्रमुख, तू त्यांना माझ्या प्रयोगशाळेतच एकदा पाहिलंयस, बोलताना शर्टाचं वरचं बटण फिरवत बसतात तेच. पत्ता शोधत स्वतः आले, चपला बाहेर काढून आत आले, आणि पंधरा मिनिटं नुसते माझ्या कुंड्यांचं कौतुक करत राहिले. मी म्हटलं, सर, कुंड्या बघायला आला नाहीत, बोला.

तेव्हा बोलले. गेल्या वर्षी त्यांनी जाहीर केलं ना, की त्या ग्रहाची जमीन रात्री सगळ्यांच्या हिशेबापेक्षा जास्त गार पडते, जास्तीची थंडी एक पूर्णांक सहा अंश. म्हणजे खाली दगड नाही, खोलवर भुसभुशीत भुकटी आहे. दगड दिवसाचं ऊन धरून ठेवतो, भुकटी धरत नाही. साधी गोष्ट, पण माणसाच्या आयुष्यभराचं काम आहे ते, बारके. आता पुढचं यान कुठे उतरवायचं, त्याचे पाय किती रुंद करायचे, सगळं त्या आकड्यावर बेतलंय. आणि तू म्हणतेस की भुकटी-बिकटी काही नाही, ताईनं चकती भलत्या ट्रेवर ठेवली, एवढंच.

त्यांनी सही खोटी की खरी असं विचारलंच नाही. एवढंच म्हणाले, ‘तुमच्या हातून असं होणं शक्य नाही, हे मी समितीला लिहून द्यायला तयार आहे.’ मी नुसती चहाचे कप उचलत राहिले. जाताना म्हणाले, ‘बाई, तुम्ही माझ्या शोधाची पहिली पायरी आहात.’ पायरी! छत्तीस वर्षांत मला कोणी काही म्हटलं असेल तर हे. तू तर मला कधी साधं ‘छान’ म्हणाली नाहीस.

ते गेल्यावर मी कप विसळले आणि हे लिहायला बसले.

आता हेही ऐक. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला मी टाकी उघडली. पहिली चकती उचलली. आणि भिंतीवरचा फोन वाजला. मावशीचा होता, इस्पितळातून. सकाळपासून मी त्या फोनकडेच कान लावून होते. मी हातातली चकती खाली ठेवली आणि धावले. मावशी म्हणाली, ‘झालं गं, सुटली पोर, डोळे उघडलेत, पहिलं तुझंच नाव घेतलं.’ मी रडले. हातमोजे घातलेले, डोळे पुसता येईनात, म्हणून कोपरानं पुसले. मग परत आले, राहिलेली चकती काढली, ट्रे लावले, कागद भरला.

चकती खाली ठेवली ती कुठे ठेवली, हे मला आठवत नाही. आठ वर्षं मी ते आठवायचा प्रयत्न करतेय असं नाही. कधी केलाच नाही. संध्याकाळी कागद पुढे ओढला, माझी सही केली, आणि मावशीची सही मला डोळे मिटून करता येत होती, ती केली. दुसऱ्या दिवशी मावशी आल्यावर तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘बरं केलंस, नाहीतर तीन दिवस पुन्हा.’ दोघी हसलो.

म्हणजे सहीचं तू म्हणतेस ते बरोबर आहे. झालं समाधान? पण सही खोटी म्हणजे चकती चुकली असा अर्थ होत नाही. आणि तुला हे कळलं कशावरून, तर मावशीनं तुझा हात धरला होता त्यावरून. माझ्या मायेवरून मला पकडलंस, याचा राग माझ्या मनातून जात नाही, कितीही समजूत घातली तरी. परका कोणी असता तर एवढं लागलं नसतं.

— ताई


२२ मार्च, रविवार

बारके,

आज मी तुझ्या ऑफिसात गेले होते.

का गेले ते विचारू नकोस. रविवार, घरात चैन पडेना. फाटकावरच्या माणसाला म्हटलं, माझ्या बहिणीची शाल राहिलीय. शाल-बिल काही नाही. त्यानं सोडलं. तुमची ती लांबट खोली, भिंतीवर ढगांची चित्रं हलतायत, आणि ड्यूटीवर एकटेच तुझे ते खोकणारे सहकारी. मला बघून उठून उभे राहिले. मला वाटलं आता सुनावतील. पण त्यांनी खुर्ची पुसून दिली. तुझी खुर्ची. पाठीला तू लावलेली उशी अजून आहे.

मी म्हटलं, मला त्या दिवसाची नोंदवही दाखवा. ऑक्टोबरची. त्यांनी लगेच काढून दिली.

तुझं अक्षर. वेळ, ढगाच्या माथ्याचं तापमान, आणि पुढे बंदरांना कोणता बावटा कळवायचा तो रकाना. ढगाचा माथा जितका गार तितका तो उंच चढलेला आणि तितकं वादळ जबर, हे मला तूच कधीतरी वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं होतंस. त्या रकान्यात तू आधी तीन लिहिलंयस. तीनचा बावटा लागला की एकही होडी बंदराबाहेर पडत नाही. मग तो तीन खोडलाय, आणि वर दोन केलाय.

मी विचारलं, हे का खोडलं? ते खोकले, मग म्हणाले, ‘बाईंना पहिल्यापासून वाटत होतं की हे तीनचं आहे. जुन्या उपग्रहाचा आकडा तसाच येत होता. मी पण म्हटलं, तीनच ठेवू. पण नवा उपग्रह वादळ तीनच्या हद्दीच्या जरा अलीकडे दाखवत होता. बाई पाच मिनिटं बघत बसल्या. मग म्हणाल्या, जुना म्हातारा झालाय, त्याचं काय धरायचं. नवा आकडा माझ्या ताईच्या चकतीचा आहे, तो चुकणार नाही. आणि खोडलं.’

सतरा माणसं गेली त्या दिवशी होड्यांतून.

मी वही मिटली आणि पुन्हा उघडली. एक पूर्णांक सहा त्या आकड्यातून वजा करून बघितला, तिथेच, बोटावर. बावटा तीनचा येतो. हद्दीच्या चांगला पलीकडे, तीन.

बारके, आता लिहिते ते मी मावशीला पण सांगितलं नसतं. तू समितीला सांगितलंस की संशय आधीपासून होता, पण ही अदलाबदल तू जानेवारीत पक्की ओळखलीस, प्रोफेसरांची थंडी आणि तुझ्या ढगांची ऊब शेजारी मांडून; यांचं जेवढं कमी, त्यांचं तेवढंच जास्त. हुशार आहेस. पण मी तुझ्याआधी ओळखलं होतं. गेल्या मे महिन्यात. प्रोफेसर त्यांच्या शोधाचा केक घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आले, माझ्या टेबलावर तो कापला, आणि म्हणाले, ‘एक पूर्णांक सहा!’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. माझ्या हातात सुरी होती, मी सगळ्यांना तुकडे देत होते, आणि डोक्यात चाललं होतं की दोन चकत्यांच्या तक्त्यांमधला फरक किती. तो मला तोंडपाठ होता. एक पूर्णांक सहा.

घरी आले. मनाला म्हटलं, योगायोग असेल. मग म्हटलं, तुमच्या खात्यात एवढे शहाणे बसलेत, चूक असती तर एव्हाना बोंब झाली असती. मग म्हटलं, वर्षभरात निवृत्त होतेय, आता कशाला. मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तसं केलं मी पाच महिने. तुला एक फोन केला असता तर तू तो तीन खोडला नसतास. फोन माझ्या उशाशीच असतो. तुझाच नंबर वर लावलाय.

मग वादळ आलं, आणि त्यानंतर तू तीनदा माझ्या दारात आलीस, आणि तीनदा मी तुझ्या तोंडावर खोटं बोलले. पहिल्या पत्रात मी तुला काय काय म्हणाले ते आठवून मला माझीच लाज वाटली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच.

तुझे सहकारी मला फाटकापर्यंत सोडायला आले. म्हणाले, मे-जूनपासून पुन्हा वादळं सुरू होतील, आणि समितीचा निकाल लागेपर्यंत आम्हाला हेच आकडे वापरायचे आहेत. तक्ते बदलायला किती वेळ लागेल, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एक दुपार.

हे पत्र टाकू की नको, ठरत नाहीये. २७ तारखेच्या आधी टाकलं तर तू हे समितीला दाखवशील, असं एकदा मनात आलं. बघ, अजून माझ्या मनात हेच येतं.

— ताई


२७ मार्च, शुक्रवार

बारके,

रविवारचं पत्र टाकलं नव्हतं. यासोबत जोडलंय, आधी ते वाच.

आज अकराला गेले. केस नीट केले नव्हते. तीच खोली, तीच पाच माणसं, आणि भिंतीशी प्रोफेसर बसलेले. पाणी या वेळी मी मागून घेतलं. जिन्यातल्या त्या गृहस्थांनी मला हळूच मान हलवून धीर दिला.

अध्यक्ष बाईंनी विचारलं, ‘दुसरी सही कोणाची?’ मी म्हटलं, माझी. ‘दोन्ही तुमच्या?’ दोन्ही माझ्या. मग मी टाकी, फोन, कोपरानं पुसलेले डोळे, सगळं सांगितलं. जबाब लिहून घेणाऱ्याला मी म्हटलं, लिहिलेलं परत वाचून दाखवा, आमच्याकडे तशी पद्धत आहे. त्यानं वाचलं. ऐकायला फार वाईट होतं, पण बरोबर होतं.

मग त्यांनी विचारलं, ‘ही चूक झाली असावी असं तुम्हाला पहिल्यांदा कधी वाटलं?’ हा प्रश्न कोणाच्या कागदावर नव्हता, मला दिसलं, त्यांनी सहज विचारला. तुझ्या जबाबानंतर, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं, बारके. कोणाला कळलं नसतं. मी म्हटलं, गेल्या मे महिन्यात, केक कापताना. प्रोफेसरांचा हात बटणावरचा खाली आला. ते उठून बाहेर गेले, आणि जाताना माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनाही मीच फसवलं, दहा महिने त्यांचा शोध खरा आहे असं त्यांना समजू दिलं.

तक्ते सोमवारी दुपारी बदलतायत. तुला खात्याचं पत्र येईल, अध्यक्ष बाई तसं म्हणाल्या. माझा फाटकाचा पास आजच काढून घेतला. निरोप वगैरे आता नाही, आणि पुढची चौकशी माझी. होऊ दे.

निघताना अध्यक्ष बाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, तुमच्या बहिणीच्या जबाबातलं शेवटचं वाक्य मी त्या दिवशी वाचलं नव्हतं, ते ऐका. तू लिहिलं होतंस, ‘माझ्याकडे दुसरा पुरावा नाही, पण माझ्या बहिणीला समोर बसवून विचारा. ती मला घरात खोटं सांगेल, मोजलेल्या आकड्याबद्दल कागदासमोर बसून खोटं सांगणार नाही.’

अगं, मग हे मला आधी सांगायला काय झालं होतं? मी इतके दिवस जळत होते.

नाही, तू सांगायचा प्रयत्न केला होतास. तीन तारखा. मीच ऐकलं नाही.

तरी एक खरं ते सांगते, कारण आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय: मला अजून दुखतंय. तू बरोबर होतीस, मी चूक होते, आणि तरी तुझ्या त्या ओळी, ‘माझ्या उशाशी बसल्या होत्या,’ आठवल्या की मी हातातलं भांडं तसंच खाली ठेवते. आणि तुला काय होत असेल? तू तीन खोडलास तो माझ्यावर विश्वास ठेवून. माझा गळा कापला म्हणून मी ओरडत बसले, आणि तुझा मी कधी कापला ते तुला कळलंसुद्धा नाही. त्या सतरा घरांपुढे उभी राहिलीस ती तू, एकटी. माफी मागून हे भागणारं नाही, म्हणून मागत नाही.

तुझ्याकडे एकच मागणं आहे. हे दोन्ही कागद मोठ्यानं वाच. मी लिहिलंय ते घडलं तसंच आहे का बघ, चुकलं असेल तिथे खोड, आणि खाली सही करून मला परत पाठव, किंवा स्वतः घेऊन ये. चहा मी ठेवीन. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस, पण ती जागा आता मी भरणार नाही.

वाचणारी: ताई

लिहून घेणारी: ____________